गटई कामगाराने आधी काय घ्यावं: स्टॉल, विश्वकर्मा की स्वनिधी?

एसटी स्टँडच्या कुंपणाशी छत्री बांधून चपला शिवत बसणाऱ्या माणसाला, म्हणजे गटई कामगाराला, आज निदान तीन सरकारी योजना लागू पडतात. त्यांचे अर्ज बहुतेक वेळा घरातलं शिकलेलं पोर मोबाइलवर शोधतं, म्हणून हे त्या पोरासाठी लिहितेय. लोकांच्या बोलण्यात तिन्ही 'अनुदान' असतात. प्रत्यक्षात एकीत वस्तू मिळते, दुसरीत अवजारांचे पैसे आणि हवं असेल तर कर्ज, आणि तिसरी निव्वळ कर्ज आहे. तिन्ही मिळू शकतात, पण क्रम चुकला तर मधलं दार बंद होतं.

ते मधलं दार म्हणजे पीएम विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ पारंपरिक व्यवसायांत चर्मकारही आहेत. नोंदणी सीएससी केंद्रावर (सरकारी ऑनलाइन सेवांचं केंद्र) होते आणि ती मोफत आहे. कुणी 'फॉर्मचे' पैसे मागितले तर देऊ नका. मग ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, जिल्हा समिती आणि वरची छाननी समिती अशा तीन पायऱ्या. इथे चिकाटी लागते. पुढे ५ ते ७ दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर. हे १५,००० परत करायचे नसतात. नवी रापी, आरी, ऐरण, जमलं तर शिलाई मशीन असा विचार करून ते खर्चावेत.

प्रशिक्षणानंतर १ लाखापर्यंत कर्ज मिळू शकतं, ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यांत फेडायचं. तारण नाही. दर खरोखर स्वस्त आहे, पण पूर्ण लाख घेतले तर हप्ता महिन्याला साधारण ५,८०० रुपये बसतो. रोजचे ४०० रुपये सुटणाऱ्या माणसाचे हे जवळजवळ १५ दिवस झाले. पावसाळ्यात धंदा बसला तरी हप्ता थांबत नाही, उलट वाढल्यासारखा वाटतो. कर्ज घ्यायलाच हवं अशी सक्ती नाही. बाबा नुसतं दुरुस्तीचं काम करत असतील तर व्हाउचर घ्या आणि कर्जाला तूर्त हात लावू नका, असं माझं मत.

पीएम स्वनिधी आली जून २०२० मध्ये, टाळेबंदीने हातगाड्या उलथल्या तेव्हा. फेरीवाल्यांची योजना म्हटलं की भाजीवाला डोळ्यासमोर येतो, पण त्यात चांभार, न्हावी, इस्त्रीवालेही धरले आहेत. २०२५ च्या फेरबदलानंतर पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडलं की २५,०००, मग ५०,०००. हप्ते वेळेवर गेले तर ७ टक्के व्याज-अनुदान खात्यात जमा होतं. पहिल्या कर्जाला १२ महिने, म्हणजे मुद्दल महिन्याला १,२५० रुपये. हा आकडा फुटपाथवरच्या धंद्याला झेपतो. सोल, सोल्युशन, पॉलिशचा माल एकदम भरायला एवढं भांडवल पुरतं. कागद मात्र नगरपालिकेचा लागतो: फेरीवाला प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र.

आता क्रमाची गोष्ट. स्वनिधी, मुद्रा (छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी कर्ज) किंवा पीएमईजीपी (नवा उद्योग काढण्यासाठीची केंद्राची कर्ज-अनुदान योजना) यांचं कर्ज गेल्या ५ वर्षांत घेतलेल्याला विश्वकर्मा मिळत नाही. स्वनिधी आणि मुद्राला सूट आहे, पण ते कर्ज पूर्ण फेडलेलं असेल तरच. म्हणजे घाईने १५,००० चं कर्ज उचललं, तर ते फिटेपर्यंत फुकट मिळणारे १५,००० अडकले.

उरलेली योजना राज्याची आणि जुनी: समाजकल्याण खात्याचा गटई स्टॉल. पत्र्याचा स्टॉल, १०० टक्के अनुदानावर. अर्जदार अनुसूचित जातीचा हवा, जातीचा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा. अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे. अडतं ते जागेवर. स्टॉल ठेवायची जागा ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने अधिकृतपणे दिलेली, नाहीतर स्वतःची असावी लागते. 'वीस वर्षं इथंच बसतोय' हा पुरावा चालत नाही. पण हा कर्जाचा व्यवहार नसल्याने त्याच्यासाठी थांबायचं कारण नाही. जागेचा अर्ज आजच टाका.

पीएमईजीपी दुरुस्तीवाल्यासाठी नाहीच. मुलाला चपला बनवण्याचं नवं युनिट काढायचं असेल तर बघा: अनुसूचित जातीला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान. ते हातात पडत नाही. बँकेत ३ वर्षं ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं.

तेव्हा बाबांसाठी मी स्टॉलचा आणि विश्वकर्माचा अर्ज एकाच आठवड्यात टाकेन, आणि व्हाउचर हातात आल्यावरच स्वनिधीचा विचार करेन. एक अपवाद आहे. विश्वकर्मात नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एकालाच लाभ मिळतो. आई घरी ब्लाउज शिवत असेल तर शिंपीकामही त्या १८ व्यवसायांत आहे, आणि १५,००० चा उपयोग रापीपेक्षा नव्या शिलाई मशीनला जास्त होईल. मग विश्वकर्मा आईच्या नावावर घ्या, आणि बाबांनी स्वनिधीसाठी थांबायची गरज उरत नाही.