घरबसल्या गेता करायला निघाले आणि 2,51,180 येन घालवून बसले

आकडा शीर्षकातच टाकलाय, उगाच कुणी ताणून धरायला नको. हिशोब नवऱ्याने एक्सेलमध्ये मांडून दिला. मी मागितला नव्हता.

मी तोक्योत निशिकासाईला राहते (नावावरचे विनोद आपले सगळ्यांचे करून झालेत). डिपेंडंट व्हिसा, आठवड्याला 28 तास कामाची परवानगी, मुलगी शाळेत. इथे घरी बसून नगावर करायच्या कामाला 'नाइशोकु' म्हणतात. त्या नावाखाली चालणारी लुबाडणूकही जुनीच. सामान तुम्ही विकत घ्या, तयार माल आम्ही घेऊ, आणि मग माल पसंत पडत नाही. आपल्याकडे पेन्सिल पॅकिंगचं चालतं तेच. मला माहीत नव्हतं का? होतं. पेन्सिली असत्या तर मी फोन ठेवून दिला असता. पण या होत्या गेता, जपानी लाकडी चपला. लाकडाची फळी, खाली दोन दात, वर कापडी पट्टा. आणि मी कोल्हापूरची. चप्पल हातात घेऊन तिची किंमत सांगणाऱ्या गावची. जाहिरात बघताच वाटलं, हे आपलंच काम. इथेच माती खाल्ली.

9 मे. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन तासांचं 'प्रशिक्षण'. बाई इतकी गोड की मीच लाजून नीट बसले. ऐझूचं किरी लाकूड, वजनाला हलकं, पायाचा घाम शोषणारं, वगैरे. हे सगळं खरं आहे बरं का. गेतासाठी किरीच नावाजलेलं, आणि फुकुशिमातल्या ऐझूचं किरी प्रसिद्ध आहे. खोटं बोलणारा माणूस निम्मं खरंच बोलतो. तिने नमुन्याची जोडी हातात दिली. "ही तुमच्यासारख्याच एका गृहिणीने घरी केलीय."

मी सवयीने उलटी करून तळ बघितला. दोन दातांच्या मध्ये अंगठा चिकटला. किमतीचं लेबल सोलून काढल्यावर मागे राहतो ना डिंकाचा चौकोन, तो. दुकानातून आणलेली जोडी होती ती! माझ्या अंगठ्याला कळलं होतं. आणि मी काय केलं? अंगठा हळूच कुर्त्याला पुसला, बाईला वाईट वाटू नये म्हणून. रात्री अडीचला जाग आली की अजून मला तो डिंकच आठवतो.

20 जोड्यांचं सामान 1,98,000 येन. जोडीमागे 2,800 मिळणार, महिन्याला 20 जोड्या, म्हणजे चार महिन्यांत किट वसूल. करार सात पानी. माझं जपानी वाणसामानापुरतं आणि शाळेच्या चिठ्ठ्यांपुरतं. चौथ्या पानावर लाल चौकटीत लाल अक्षरं होती. मला वाटलं, हत्यारं जपून वापरा असं काहीतरी असेल. जपानमध्ये करार करताना लाल चौकट दिसली की आधी तीच वाचून घ्या, कुणाच्या तरी पाया पडून. असा करार कागद हातात पडल्यापासून 20 दिवसांत कारण न देता मोडता येतो, ते त्या चौकटीत लिहिलेलं असतं.

काम म्हणाल तर मी मन लावून केलं. भोकं पाडलेल्याच फळ्या. पॉलिश पेपर मारायचा, ब्रशने घासून रेषा उठावदार करायच्या, मग पट्टा ओवायचा. पुढच्या भोकातून दोरी टोच्याने खाली ओढायची, तळाशी गाठ मारायची, त्यावर पत्र्याची छोटी टोपी ठोकायची. मागची दोन टोकं दोन्ही बाजूंना सारखी ताणून बांधायची. पहिल्या दिवशी एका जोडीला चार तास लागले. पंधरवड्यात सव्वा तासावर आले. डाव्या हाताच्या तर्जनीवर टोच्याची खूण आहे अजून.

पहिल्या दोन जोड्या पाठवल्या आणि 24 मेला 5,600 येन खात्यात जमा! घरी श्रीखंड केलं. नवऱ्याला म्हटलं, बघ. 20 दिवस संपले 28 मेला. आता लक्षात येतं, ते 5,600 माझ्या मजुरीचे नव्हतेच. तेवढ्यात त्यांनी माझे 20 दिवस विकत घेतले.

पुढच्या 10 जोड्या 19 जूनला परत आल्या, टपालखर्च माझ्याकडून, 1,890. कारण? दोन्ही पायांच्या लाकडाच्या रेषा जुळत नाहीत. अहो, लाकूड तुम्ही दिलंत! स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं तर एक पाय 310 ग्रॅम, दुसरा 395. कुठलं ऐझू आणि कुठलं किरी. मग 'सुधारित हत्यारं' 46,200, पुन्हा तपासणीची फी 8,800. ते का भरले म्हणून विचारू नका. दोन लाख अडकलेले असताना माणूस तेच करतो. तुम्हीही केलं असतं. त्याच 10 जोड्या पुन्हा परत, पुन्हा 1,890. त्यानंतर फोनवर 'हा नंबर वापरात नाही'.

आता सरकारी पाहुणचार. चौकीतला पोलीस इतका नम्र की वहीत नकाशा काढून मला ठाण्यात पाठवलं. ठाण्यात म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत ना, हा दिवाणी मामला, आम्ही मध्ये पडत नाही. बँकेनेही तेच विचारलं, पैसे तुम्हीच पाठवलेत ना. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर सांगितलं, मुदत उलटलीय, दुभाष्या घेऊन या. दुभाष्या (मैत्रीण, तिने रजा टाकली) घेऊन गेले तर म्हणे, आज त्या ताई सुट्टीवर. तिसऱ्या वेळी ताई भेटल्या आणि पहिला प्रश्न, तुमची 28 तासांची परवानगी नगावरच्या कामाला चालते का? म्हणजे चोर राहिला बाजूला, मीच आरोपी! मला घाम फुटला. हा प्रश्न येणार या भीतीनेच तर मी जुलै अर्धा होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. त्या फसवणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक असणार. डिपेंडंट बाया ओरडत नाहीत. परवानगीचं आधीच विचारून ठेवा. शेवटी मला कंपनीच्या नावे टपालाने पत्र पाठवायला लावलं. ते 'पत्त्यावर कुणी नाही' असा शिक्का घेऊन माझ्याकडेच परत.

तरी ग्राहक तक्रारींच्या 188 या नंबरला फोन करा. 'इयाया' असा तो आकडा लक्षात ठेवायला सांगतात, म्हणजे 'नको बाई'. पण पहिल्या 20 दिवसांत करा. करार मोडायचं पत्र जून 2022 पासून ईमेलनेही चालतं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. काम देणारा आधी पैसे मागतो तिथूनच उठा. आणि नमुना उलटा करून बघा. बघितलंत, तर जे दिसलं त्यावर विश्वास ठेवा, कुर्त्याला पुसू नका.

घरात 18 जोड्या पडून आहेत. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी एदोगावाच्या आतषबाजीला त्यातलीच एक घालून गेले. नवरा म्हणाला, वाटेत तुटेल, सँडल पिशवीत घे. पाच तास पायात होती. परतताना गर्दीमुळे स्टेशनात शिरताच येईना, म्हणून पुढच्या स्टेशनापर्यंत चालत आलो, कारान कोरोन वाजवत. एक गाठ सैल झाली नाही. माल पसंत नाही म्हणे.