अपडेटनंतर अँटिव्हायरस फायरफॉक्सला अडवतो तेव्हा : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बडोद्यात रावपुरा आणि दांडिया बाजारातल्या छोट्या ऑफिसांच्या मशीनवर फायरफॉक्स आणि एक पैसे भरून घेतलेला अँटिव्हायरस पावसाळ्याच्या आधीपासून एकत्र चालतायत. विंडोज १० आणि ११, ८ जीबी रॅम. कामं ठरलेली : जीएसटी, आयकर, बँक, ईमेल. दोन्ही ठेवावेत असंच मत आहे, पण जसे इन्स्टॉल होतात तसे ठेवू नयेत. फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते. त्यातल्या एखाद्या वेळी सकाळी ब्राउझर उघडतच नाही, किंवा उघडतो आणि एकही पान येत नाही. अशा वेळी 'अँटिव्हायरस बंद करून बघा' हे पहिलं वाक्य कानावर येतं. तो उपाय नव्हे. बंद केल्यावर ब्राउझर चालला तरी नेमकं काय अडलं होतं ते कळत नाही, आणि पुन्हा चालू केलं की तेच.

अँटिव्हायरसमध्ये अडवणारे भाग तीन : फाइल तपासणारा, फायरवॉल (कोणत्या प्रोग्रामने नेटवर जायचं ते ठरवणारा), आणि एचटीटीपीएस, म्हणजे साइटशी होणारा सांकेतिक संवाद, तपासणारा. तिघांची लक्षणं वेगळी असतात, त्यामुळे दोन मिनिटांत दोषी सापडतो.

आयकॉनवर क्लिक केलं आणि काहीच झालं नाही, शॉर्टकट पांढरा पडला, किंवा 'कुडंट लोड एक्सपीकॉम' असा संदेश आला, तर फाइलच उचलली गेली आहे. अपडेटमध्ये फायरफॉक्सची मुख्य फाइल आणि झूल डीएलएल (ब्राउझरचं इंजिन असलेली फाइल) दोन्ही बदलतात. बदललेली फाइल अँटिव्हायरसच्या लेखी अनोळखी असते, कारण पहिल्या काही तासांत ती जगात फार थोड्या मशीनवर दिसलेली असते. अँटिव्हायरसचा निकाल मुख्यतः ओळखीवरून होत असेल तर ती क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइलींच्या बंद खोलीत, जाते. अँटिव्हायरस उघडून क्वारंटाइनची यादी बघा, वेळ अपडेटच्या वेळेशी जुळते का ते पाहा. फाइल परत आणली की तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. सही करणाऱ्याचं नाव मोझिला कॉर्पोरेशन हवं आणि डीटेल्समध्ये सही ठीक असल्याचं दिसायला हवं. सही नसेल तर ती फाइल वापरू नका. शंका राहिली तर व्हायरसटोटल या अनेक अँटिव्हायरसकडून फाइल तपासून देणाऱ्या साइटवर टाका : सत्तरच्या आसपास इंजिनांपैकी एकदोघांनीच लाल दाखवलं तर बहुधा खोटी धोक्याची घंटा, पंधरावीसांनी दाखवलं तर प्रकरण गंभीर.

एक्सपीकॉमचा संदेश आला की दुरुस्तीत वेळ घालवू नये. अपडेट अर्ध्यात तुटलेलं असतं, काही फाइली जुन्या आणि काही नव्या. सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समधला मोझिला फायरफॉक्स हा फोल्डर पूर्ण काढा आणि मोझिलाच्या साइटवरून पूर्ण इन्स्टॉलर आणून टाका. छोटा इन्स्टॉलर नको, कारण तो चालू असताना नेटवरून बाकीचं ओढतो आणि तिथेच पुन्हा अडतो. बुकमार्क आणि पासवर्ड प्रोफाइलमध्ये असतात, प्रोफाइल वेगळ्या जागी, युजरच्या अॅपडेटा रोमिंगमध्ये. त्याला हात लागत नाही. तरी आधी त्या प्रोफाइल फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घ्याच. ऑफिसचे सगळे पासवर्ड त्यात असतात.

अपवादाच्या यादीबद्दल, म्हणजे अँटिव्हायरसने काय तपासू नये त्या यादीबद्दल, स्पष्ट सांगायला हवं. सही तपासलेली एक फाइल अपवादात घालणं समजू शकतं. डाउनलोड्सचा फोल्डर किंवा प्रोफाइलचा फोल्डर कधीही घालू नका. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट तिथेच उतरते.

आता फायरवॉल. ब्राउझर झटकन उघडतो, पण प्रत्येक पानावर 'अनेबल टू कनेक्ट'. त्याच वेळी एजमध्ये सगळं चालू. म्हणजे नेट ठीक, वायफाय ठीक. काही फायरवॉल प्रोग्रामला परवानगी देताना त्या फाइलचा हॅश (फाइलमधून काढलेला ठसा) साठवून ठेवतात; अपडेटनंतर हॅश जुळत नाही आणि जुनी परवानगी लागू होत नाही. विचारणारी खिडकी चालू असेल तर ती विचारते, सायलेंट मोड असेल तर मुकाट्याने अडवते. जुना नियम सुधारत बसू नका, पुसा. मग ब्राउझर उघडा आणि परवानगी द्या. हाताने नियम करायचा असेल तर बाहेर जाणारं कनेक्शन, टीसीपी ८० आणि ४४३, शिवाय यूडीपी ४४३. हे शेवटचं बरेच जण विसरतात. एचटीटीपी ३ त्यावरून जातं, आणि ते अडलं की काही साइट सुरुवातीला रेंगाळतात. जुन्या मशीनवर ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रती असतात. नियम एकीचा आणि शॉर्टकट दुसरीचा, असं हमखास सापडतं.

तिसरा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो. पान उघडताना 'पोटेन्शियल सिक्युरिटी रिस्क अहेड' किंवा 'सॉफ्टवेअर इज प्रिव्हेंटिंग फायरफॉक्स' असं सुरू होणारा इशारा येतो, खाली 'अननोन इश्युअर'. एचटीटीपीएस आतून तपासायचं म्हणून अँटिव्हायरस ब्राउझर आणि साइटच्या मधोमध बसतो आणि साइटचं सर्टिफिकेट (तिचं ओळखपत्र) काढून स्वतःचं देतो. त्याचं मूळ सर्टिफिकेट तो विंडोजच्या साठ्यात ठेवतो. क्रोम आणि एज तिथलं मानतात. फायरफॉक्सचा साठा स्वतःचा, वेगळा. आवृत्ती १२० पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२३ पासून, फायरफॉक्स विंडोजमध्ये बाहेरून घातलेली मूळ सर्टिफिकेटंही आपोआप मानतो. तरीही अँटिव्हायरसने आपलं सर्टिफिकेट बदललं आणि ते नीट बसलं नाही की गाडी अडते.

क्रम असा ठेवा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सर्टिफिकेट्स. तिथे थर्ड पार्टी रूट सर्टिफिकेटवर विश्वास ठेवण्याची खूण आहे का बघा. असेल आणि तरी इशारा येत असेल, तर अँटिव्हायरसमध्ये एचटीटीपीएस स्कॅनिंग बंद करा, सेव्ह करा, मशीन रीस्टार्ट करा, पुन्हा चालू करा. यात तो आपलं सर्टिफिकेट नव्याने बसवतो आणि बहुतेक वेळा इथेच काम होतं. दरम्यान 'रिस्क स्वीकारून पुढे जा' हे बँकेच्या पानावर दाबू नका. आणि हे सगळं करण्याआधी घड्याळ बघा! जुन्या डेस्कटॉपमधला सीआर २०३२ सेल संपला की तारीख मागे जाते आणि सर्टिफिकेटचे इशारे येतात. त्यात अँटिव्हायरसचा काही दोष नसतो.

आमच्या मशीनवर शेवटी एचटीटीपीएस स्कॅनिंग बंदच ठेवलं. डाउनलोड झालेली फाइल डिस्कवर उतरली की अँटिव्हायरस ती तशीही तपासतो, आणि फसव्या साइटसाठी फायरफॉक्समध्ये सेफ ब्राउझिंग आहे. तेव्हापासून सर्टिफिकेटची तक्रार आलेली नाही. ज्यांना स्कॅनिंग ठेवायचंच आहे त्यांनी निदान बँका आणि सरकारी पोर्टल वगळावीत.

सी.ए.च्या ऑफिसांसाठी एक वेगळी अडचण आहे. जीएसटी पोर्टलवर कंपनी किंवा एलएलपीचं रिटर्न डिजिटल सहीने भरावं लागतं, आणि त्यासाठी एमसाइनर हा सही करणारा प्रोग्राम मशीनवरच चालतो. ब्राउझर त्याच्याशी १२७.०.०.१ या मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावर, १५८५ पोर्टवर बोलतो. फायरवॉलने एमसाइनर अडवला किंवा त्याचं स्थानिक सर्टिफिकेट ब्राउझरने मानलं नाही, तर पोर्टल फक्त कनेक्शन झालं नाही म्हणतं आणि दोष टोकनवर, म्हणजे डिजिटल सही ठेवलेल्या यूएसबीवर, जातो. टोकन काढून घालण्याआधी नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएस लावून तोच पत्ता पोर्टसकट उघडा, इशारा आला तर अॅडव्हान्स्डमधून पुढे जा. बँकेच्या पानावर जे करायचं नाही ते इथे चालतं, कारण हे कनेक्शन मशीनच्या बाहेर जातच नाही. पान अजिबात उघडलं नाही तर एमसाइनर चालू आहे का आणि फायरवॉलमध्ये त्याला परवानगी आहे का, ते बघा.

टॅब वारंवार कोसळत असतील तर अॅड्रेस बारमध्ये अबाउट:थर्ड-पार्टी लिहा. फायरफॉक्समध्ये घुसलेल्या बाहेरच्या डीएलएलची (इतर प्रोग्रामच्या कोड फाइलींची) यादी दिसते, आणि आवृत्ती ११० पासून तिथूनच एखादी अडवता येते. लॅपटॉपबरोबर आलेला ट्रायल अँटिव्हायरस आणि विकत घेतलेला, असे दोन एकाच मशीनवर असले तर यादीत दोघेही सापडतात. ट्रायलवाला त्याच्या कंपनीच्या रिमूव्हल टूलनेच काढा.

अपडेट हाताने करण्याची सेटिंग ऑफिसांना सोयीची पडते : फायरफॉक्स कळवतो, इन्स्टॉल आपण म्हणू तेव्हा. महिन्याच्या २० तारखेला, ३बी हे जीएसटीचं मासिक रिटर्न भरायच्या दिवशी, कोणी अपडेट करू नये. २१ला संध्याकाळी जरूर करावं, कारण त्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. संस्थांसाठीची दीर्घ मुदतीची ईएसआर आवृत्तीही वापरून पाहिली. तिच्यात वर्षभर मोठे बदल येत नाहीत, मात्र सुरक्षा दुरुस्त्या तिलाही चार आठवड्यांनी येतात, फाइल बदलते, आणि हॅशवाली फायरवॉल तेवढीच कटकट करते. तेवढ्यासाठी ईएसआर घेण्यात अर्थ नाही. विंडोज ७ आणि ८.१ च्या मशीनवर मात्र पर्यायच नाही, तिथे ईएसआर ११५ ही शेवटची.

एक त्रास अजून सुटलेला नाही. अँटिव्हायरसची स्वतःची मोठी आवृत्ती आली की बंद केलेलं एचटीटीपीएस स्कॅनिंग पुन्हा चालू झालेलं सापडतं. ओळखायला सोपं आहे : बँकेचं पान उघडून अॅड्रेस बारमधल्या कुलपावर क्लिक करा, तिथे कनेक्शनची माहिती उघडा, 'व्हेरिफाइड बाय' पुढे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेऐवजी अँटिव्हायरसचं नाव दिसलं, तर ते पुन्हा सुरू झालंय.