वाळूच्या टेकड्यांवर मागचा टायर कोणता: पॅडल की नॉबी?

दुबई-हत्ता रस्त्यावरच्या अल बदायरला, म्हणजे 'बिग रेड'च्या लाल टेकडीवर ४५० सीसीची डर्ट बाइक चढवायची असेल, तर सायलेन्सरवर पैसे घालण्याआधी मागचा टायर ठरवा.

पॅडल टायरवर ठोकळ्यांऐवजी आडव्या रबरी पट्ट्या असतात. वल्ह्याने पाणी मागे लोटावं तशी त्या वाळू लोटतात. ॲक्सिलरेटर पिळला की चाक जागीच खड्डा खणत बसत नाही, गाडी पुढे झेपावते. चढावर हेच लाखमोलाचं, कारण वेग मोडला की गाडी रुतलीच. पण इंजिनावर ताण येतो. म्हणून मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, दोन-तीन दातांनी मोठं घ्या, रेडिएटर आणि क्लचकडे लक्ष ठेवा. डांबरावर किंवा खडीवर पट्ट्या पार फाटतात, त्यामुळे गाडी पिकअपमध्ये घालूनच न्यावी लागते.

नॉबी म्हणजे रबरी ठोकळ्यांचा टायर. त्यात हवा ८-१० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, बऱ्यापैकी तरंगतो. मात्र रिम लॉक, म्हणजे टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा चिमटा, हवाच. नाहीतर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो. वाटेत दगडगोटे असतील तर नॉबीच बरा.

माझं मत स्पष्ट आहे: ४५० सीसी आणि निव्वळ वाळू असेल तर पॅडल. गाडी लहान किंवा हात नवखा असेल तर नॉबी. टायर कुठलाही असो, गाडीला उंच काठीचा झेंडा लावा. टेकडीपलीकडून वर येणाऱ्या जीपवाल्याला आधी तोच दिसतो.