भूर्जपत्र घ्यावं की हातकागद?

मावसबहीण सुलेखन करते, आजोबांच्या पंच्याहत्तरीला तिला काही श्लोक लिहून द्यायचेत आणि आठवडाभर तिचं हेच चाललंय, भूर्जपत्र म्हणजे भूर्ज झाडाची साल घेऊ की हातकागद.

आधी टिकाऊपणा. भूर्ज हिमालयात साधारण ३००० मीटरच्या वर वाढतो, त्याची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि तिच्यात बेट्युलिन नावाचं द्रव्य असतं म्हणून पाणी लवकर मुरत नाही. आपल्या पुण्यातल्या भांडारकर संस्थेत काश्मीरहून आलेल्या शारदा लिपीतल्या भूर्जपत्रावरच्या पोथ्या आहेत, शेकडो वर्षं टिकल्यात, बघताना खरंच अंगावर काटा येतो! पण साल कोरडी पडली की पापुद्रे सुटतात, घडी घातली तर तुकडाच पडतो. सुती चिंध्यांचा हातकागद घडी सहन करतो आणि लवकर पिवळाही पडत नाही.

लिहायला हातकागदच सोपा, फक्त खळ दिलेला घ्या नाहीतर शाई फुटते. सालीवर आडव्या रेघा असतात, तिथे बोरू अडकतो, शिवाय सारख्या मापाचे तुकडे मिळत नाहीत.

मिळायचं म्हणाल तर हातकागद शिवाजीनगरला हात लावून, पारखून घेता येतो. आणि साल खोलवर ओरबाडली तर झाड मरतं हो. गंगोत्रीच्या वरच्या भोजबासाचं नावच भूर्जावरून पडलंय, तिथली झाडं सरपणापायी गेली, हे मला फार लागतं.

म्हणून भेट, पत्रिका, रोजचा सराव यासाठी हातकागद. मंत्राची आकृती म्हणजे यंत्र काढायला किंवा पूजेत भूर्जच लागतो असं घरात असेल तर बोटभर तुकडा पुरतो, तेवढाच घ्या.