सात महिने फॅन विकी एडिट केल्यावर: नेफेली लू जिवंत की मृत?

एल्डन रिंग या व्हिडिओ गेमच्या फॅन विकीवर, म्हणजे चाहत्यांनीच मिळून लिहिलेल्या ज्ञानकोशावर, तीन संध्याकाळी बसून नेफेली लू या पात्राच्या पानावर मी जे लिहिलं, ते एका जुन्या एडिटरने नऊ मिनिटांत उडवलं. सारांशात एकच शब्द होता, 'चुकीचं'. पानाच्या हिस्टरीत, म्हणजे बदलांच्या नोंदीत, माझ्या नावापुढे हिरव्या आकड्यात +2,310 (वाढलेला मजकूर, बाइटमध्ये) आणि त्याच्या लगेच वर लाल ठळक −2,310. हा अनुभव त्याच रात्री लिहिला असता, तर 'या भानगडीत पडू नका' एवढंच लिहून मोकळी झाले असते. आता सात महिने झालेत आणि बरंचसं मत बदललंय. इन्फोबॉक्समधल्या, म्हणजे पानाच्या उजवीकडच्या माहितीच्या चौकटीतल्या, 'स्थिती' या रकान्याबद्दलचं मात्र अजिबात बदललेलं नाही.

एल्डन रिंग खेळलेल्यांना नेफेली कोण हे सांगायला नको; बाकीच्यांसाठी, ती खेळणाऱ्याला वाटेत भेटणारी एक योद्धा. तिचं पान उघडलं की उजवीकडे चित्र, खाली ती कुठे भेटते ते, आणि मग ठसठशीत 'स्थिती: मृत'. मारलं कुणी तिला? सेलूव्हिस या जादूगाराने दिलेलं औषध तुम्ही तिला दिलंत, तर ती त्याची बाहुली होते. तेच औषध तिला वाढवणाऱ्या गिडियनच्या हवाली केलंत, तर ती वाचते. पुढे पार खचलेल्या नेफेलीला स्टॉर्महॉक किंगची राख आणून दिलीत, केनेथ हाइट या सरदाराचं कामही पार पाडलंत आणि मॉर्गॉट या बलाढ्य शत्रूला हरवलंत, तर ती स्टॉर्मव्हेल किल्ल्यातल्या सिंहासनापाशी ताठ मानेने उभी दिसते. माझ्या खेळात ती तिथे उभी आहे. तिच्या नावापुढे 'मृत' वाचलं तेव्हा मला खरंच लागलं, आणि त्या एका शब्दासाठी मी खातं उघडलं.

त्यात पॅचची, म्हणजे गेम बाजारात आल्यानंतर येणाऱ्या सुधारणांची भर. गेम आला 25 फेब्रुवारी 2022 ला. नेफेली, केनेथ, गॉस्टॉक आणि डायलॉस या पात्रांच्या कथांचे नवे टप्पे आले 17 मार्चच्या 1.03 पॅचमध्ये. म्हणजे पहिले 20 दिवस तिच्या कथेचा तो भाग गेममध्ये नव्हताच. त्या दिवसांत घाईघाईने लिहिलेली वाक्यं पुढेही पानावर तशीच पडून होती, आणि नंतरच्या एडिटरांनी नवी माहिती त्यांच्या खाली जोडली. त्यामुळे दुसऱ्या परिच्छेदात तिची कथा अर्धवट संपायची आणि पाचव्यात पुन्हा सुरू व्हायची. मी हे सगळं उलगडून, पॅचचा आकडा देऊन, एका क्रमाने लावलं होतं. रकान्यात लिहिलं होतं: 'जिवंत, औषध दिल्यास बाहुली'. उडालं ते हे.

रागाच्या भरात मीही उलटवलं, त्यानेही उलटवलं. तिसऱ्यांदा बटण दाबण्याआधी कसं कोण जाणे, थांबले आणि टॉक पेजवर, म्हणजे त्या पानाच्या चर्चेच्या पानावर विचारलं: नेमकं काय चुकलं? दोन दिवसांनी उत्तर आलं, आणि इथून माझं मत फिरलं. रकान्यातला शब्द फक्त वाचण्यासाठी नसतो. इन्फोबॉक्सचा टेम्प्लेट, म्हणजे त्यामागचा तयार साचा, तो शब्द पाहून पान आपोआप कॅटेगरीत टाकतो, 'जिवंत पात्रे' किंवा 'मृत पात्रे'. शब्द जसाच्या तसा जुळला नाही, तर पान 'स्थिती अज्ञात' मध्ये जातं. माझ्या लांबलचक वाक्यामुळे नेफेली जिवंतांतही नव्हती आणि मृतांतही नव्हती, आणि कॅटेगरीवरून तयार होणारी पात्रांची यादी बिघडली होती. त्या माणसाने यादी दुरुस्त केली होती. एका शब्दाऐवजी दोन ओळी लिहिल्या असत्या तर माझी एक झोप वाचली असती, ही तक्रार अजून आहे. पण चूक माझीही होती, आणि ती मला एकटीला कधी सापडली नसती.

तरी एक शब्द म्हणजे उत्तर नव्हे. ज्या गेममध्ये पात्राचं मरण खेळणाऱ्याच्या हातात आहे, तिथे विकीने 'मृत' म्हणणं म्हणजे कुणाच्या तरी खेळाला खरा आणि बाकीच्यांच्या खेळाला खोटा ठरवणं. टॉक पेजवर हे मी तीनदा मांडलं. शेवटी तोडगा निघाला तो इतका साधा, की सुचायला इतके दिवस का लागले कळत नाही. रकाना रिकामा ठेवायचा. रिकामा ठेवला की टेम्प्लेट ती ओळ दाखवतच नाही, आणि पान कुठल्याच चुकीच्या कॅटेगरीत जात नाही. खाली 'शेवट' नावाचा वेगळा भाग, त्यात प्रत्येक वाट, कोणत्या कृतीने कोणती उघडते आणि कोणत्या पॅचपासून. सोर्समध्ये, म्हणजे पानामागच्या कोडसकटच्या मजकुरात, त्या रकान्यापाशी एक लपवलेली टीप: 'भरू नका, टॉक पेज पाहा.' वाचकाला ती दिसत नाही, एडिट करायला येणाऱ्याला दिसते. टीप टाकल्यापासून फक्त दोघांनी 'मृत' भरलं, आणि दोघेही व्हिज्युअल एडिटरमधून आले होते, जिथे सोर्स न उघडता पान दिसतं तसंच बदलता येतं.

व्हिज्युअल एडिटरबद्दल फार लिहीत नाही. टायपिंगची चूक दुरुस्त करायला ठीक. टेम्प्लेटच्या जवळ गेलात की तो मधेच नोविकीचे टॅग (विकीचा कोड निष्क्रिय करणाऱ्या खुणा) घुसडतो आणि लिंक तुटते. पहिल्या आठवड्यातच सोर्स एडिटर शिकून घ्या, अवघड नाही. पूर्ण पान न उघडता एकेक भाग उघडून एडिट करा, म्हणजे एडिट कॉन्फ्लिक्ट, एकाच वेळी दोघांनी तेच बदलल्याची टक्कर, कमी होतात. नव्या पॅचच्या दिवशी सगळे एकाच वेळी तुटून पडतात, तेव्हा तर हे हवंच. आणि सेव्ह करण्याआधी प्रीव्ह्यू. माझ्या सुरुवातीच्या हिस्टरीत एकाच पानावर पाठोपाठ 14 सेव्ह आहेत. कुणाला आधीच्या आवृत्त्या ताडून पाहायच्या तर किती त्रास होत असेल ते आता कळतं.

कुणी विचारतं, पैसे मिळत नाहीत, लिहिलेलं मुक्त परवान्याखाली जातं, श्रेय देऊन कुणीही उचलू शकतं, मग वेळ का घालवायचा? मला ते खटकत नाही. माझी परिच्छेदभर मांडणी एका व्हिडिओच्या वर्णनात विकीच्या नावासकट दिसली, तेव्हा आनंदच झाला, कारण त्यात नेफेली जिवंत होती. खटकतं ते वेगळंच. पान वाचणारे असंख्य, टॉक पेज वाचणारे चार.

त्या जुन्या एडिटरशी आता रोज बोलणं होतं. त्याचे सारांश अजून तोकडेच असतात, पण माझं काही उलटवायचं झालं तर आधी टॉक पेजवर लिहितो, आणि मीही तसंच करते. गेल्या आठवड्यात त्यानेच डायलॉसच्या पानाची लिंक पाठवली. तिथेही 1.03 च्या आधीची वाक्यं आहेत, आणि उजवीकडे तोच रकाना भरलेला. गेममधल्या जारबर्ग गावातला डायलॉसचा शेवट मी पुन्हा खेळून पाहतेय, संवाद शब्दाशब्दाने उतरवून घेण्यासाठी. तोपर्यंत रकान्याला हात लावलेला नाही.