गोळ्या-काड्यांचा रेणू-संच: सहा महिन्यांच्या वापरानंतर

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकात मिथेनचे सूत्र अधिकच्या चिन्हासारखे छापलेले असते: मधोमध कार्बन आणि चार बाजूंना चार हायड्रोजन. मी ते वर्षभर तसेच गिरवत होते. बंधांमधला कोन 109.5 अंशांचा असतो हे पाठही होते, पण सपाट कागदावर काटकोनात काढलेल्या चार रेघांशी या आकड्याचा संबंध काय, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. पुढे याच विषयात पदवी घ्यायची असे ठरवल्यावर रेणूंच्या प्रतिकृती तयार करण्याचा हा संच घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी ती अडचण मिटली. काळ्या गोळीत चार काड्या बसवून ती टेबलावर ठेवली की तीन काड्यांवर उभी राहते आणि चौथी सरळ वर जाते; ती कशीही पालथी केली तरी चित्र तेच.

पेटीत 12 काळ्या, 20 पांढऱ्या, 6 लाल, 4 निळ्या आणि 4 हिरव्या गोळ्या आहेत, शिवाय एकेरी बंधांसाठी ताठ काड्या आणि दुहेरी बंधांसाठी वाकणाऱ्या लांब काड्या. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा आणि क्लोरीन हिरवा ही रंगांची वाटणी जुनी आहे. 1865 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी क्रोके या खेळाच्या चेंडूंपासून केलेले रेणू दाखवले, तेव्हाचे रंग हेच होते. गंमत म्हणजे त्यांच्या कार्बनचे चारही हात एकाच पातळीत होते, म्हणजे माझ्या वहीतल्यासारखेच. कार्बनचे बंध चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या, कोपऱ्यांकडे रोखलेले असतात हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल या रसायनशास्त्रज्ञांनी 1874 मध्ये स्वतंत्रपणे मांडले. व्हान्ट हॉफ तेव्हा बावीस वर्षांचे होते.

या मांडणीमुळे, त्याच अणूंचे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेले दोन वेगळे रेणू कसे असू शकतात हे कळते; ते संचातल्या दोन काळ्या गोळ्या घेऊन पाहावे. प्रत्येकीला पांढरी, हिरवी, लाल आणि निळी अशा चार वेगळ्या गोळ्या लावायच्या, पण दुसरी प्रतिकृती पहिलीची आरशातली प्रतिमा होईल अशा बेताने. मग एक दुसरीवर बसवायचा प्रयत्न करायचा. हिरवी आणि लाल जुळवली की पांढरी आणि निळी उलट्या जागी येतात. त्या जुळवाव्यात तर पहिल्या दोन बिघडतात. मी जवळजवळ अर्धा तास त्या फिरवत बसले होते. शेवटी एका प्रतिकृतीतल्या कोणत्याही दोन गोळ्यांची अदलाबदल केली आणि ती लगेच दुसरीवर चपखल बसली. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात का बसत नाही, हे जसे सांगून नव्हे तर घालून पाहिल्यावर कळते, तसेच हे आहे.

संच सर्वांत जास्त शिकवतो तो सायक्लोहेक्झेनच्या कड्यात. सहा कार्बनचे हे कडे, प्रत्येकाला दोन हायड्रोजन; कागदावर हा सपाट षट्कोन असतो. हातात घेतला की तो सपाट राहायला तयारच होत नाही आणि आपोआप खुर्चीच्या आकारात बसतो. बारा हायड्रोजनांपैकी सहा उभे, म्हणजे आळीपाळीने तीन वर आणि तीन खाली, तर उरलेले सहा कडेने पसरलेले दिसतात. खुर्चीचे एक टोक वर आणि दुसरे खाली ढकलले की कडे उलटते आणि जे उभे होते ते सगळे आडवे होतात. प्रत्यक्षात खोलीच्या तापमानाला हा रेणू सेकंदाला सुमारे एक लाख वेळा असा उलटतो. त्यात एका हायड्रोजनच्या जागी हिरवी गोळी लावली आणि मला खटकले, कारण क्लोरीन उभा ठेवा किंवा आडवा, संचाला दोन्ही सारखेच. खऱ्या रेणूला मात्र आडवी जागा अधिक पसंत असते, कारण उभ्या क्लोरीनची त्याच बाजूच्या दोन उभ्या हायड्रोजनांशी दाटी होते. लांब काड्यांमुळे गोळ्यांमध्ये मोकळी जागा दिसते आणि ही दाटी हाताला जाणवतच नाही. संच आकार दाखवतो, ऊर्जा दाखवत नाही. ती पसंती किती, ती मोजायची कशी, तापमान बदलले तर तिचे काय होते, हे प्रश्न मला इथेच पडले, आणि पुढच्या अभ्यासात हाच भाग घ्यावा असे आता वाटते.

तक्रारी आहेत आणि त्यांतली मुख्य माहितीपुस्तिकेबद्दल आहे. कोनमापक लावून पाहिले तर लाल गोळीतली भोकेही 109.5 अंशांवरच पाडलेली निघाली, वास्तविक पाण्याच्या रेणूतला कोन 104.5 अंशांचा असतो. ऑक्सिजनवरच्या इलेक्ट्रॉनांच्या दोन एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेल्या, जोड्या बंधांना जवळ रेटतात, एवढे एक वाक्य छापले असते तरी चालले असते. बेंझीन या सहा कार्बनच्या कड्याची गत तशीच: प्रतिकृतीत एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक येतात, तर खऱ्या बेंझीनमध्ये सहाही बंध 139 पिकोमीटरचे, म्हणजे साध्या एकेरी बंधाच्या 154 आणि दुहेरी बंधाच्या 134 यांच्या मधले. पुस्तिका तीस रेणूंच्या कृती देते, पण प्रतिकृती कुठे चुकते हे एकदाही सांगत नाही. ज्याला हे आधी माहीत नाही, तो चूक तशीच घोटून पाठ करील.

बनावट एरवी ठीक आहे. ताठ काड्यांपैकी तीन चौथ्या महिन्यात भोकाशीच तुटल्या. तुटलेला तुकडा टाचणीने उकरून काढावा लागतो. सोबतचे काड्या उपटण्याचे हत्यार मात्र जपून ठेवावे, नखांनी त्या निघत नाहीत.

परीक्षेपुरते सूत्र पाठ करणाऱ्याला याची गरज नाही. सेंद्रिय रसायनशास्त्र पुढे शिकायचे असेल तर घ्यावा, आणि पुस्तिका बाजूला ठेवून पाठ्यपुस्तकासोबतच वापरावा. मागवण्याआधी पांढऱ्या गोळ्या सुट्या मिळतात का एवढे विचारून घ्यावे. खुर्ची आणि होडी (दोन्ही टोके वर वळलेली) या दोन्ही रूपांतले सायक्लोहेक्झेन शेजारी शेजारी ठेवायचे तर 24 लागतात, आणि पेटीत चार कमी आहेत.