टाइपस्क्रिप्टमधील प्रॉपर्टी ओव्हरराइड: इंटरफेस चोख, क्लासमध्ये मात्र सावध

वारशाने आलेली प्रॉपर्टी ओव्हरराइड करताना, म्हणजे ती पुढच्या इंटरफेसमध्ये किंवा उपक्लासमध्ये नव्याने लिहिताना, टाइपस्क्रिप्टवर (जावास्क्रिप्टला टाइपची तपासणी जोडणाऱ्या भाषेवर) कितपत विसंबता येते, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. आणि या कसोटीला इंटरफेस (ऑब्जेक्टचा आकार सांगणाऱ्या व्याख्या) जसे उतरतात तसे क्लास (ऑब्जेक्ट घडवणारे साचे) उतरत नाहीत, असे माझे मत झाले आहे.

इंटरफेसमध्ये प्रॉपर्टीचा टाइप अधिक काटेकोर करता येतो, सैल करता येत नाही. मूळ इंटरफेसमध्ये ‘आयडी’ स्ट्रिंग किंवा नंबर असेल, तर पुढच्या इंटरफेसमध्ये ती केवळ स्ट्रिंग ठेवता येते. उलट दिशेने गेल्यास कंपायलर जागीच अडवतो. टाइप पूर्णपणे बदलायचाच असेल, तर ‘ऑमिट’ वापरून ती प्रॉपर्टी गाळावी आणि नव्याने लिहावी. ‘एक्स्टेंड्स’ (वारसा घेण्याचा कीवर्ड) टाळून अँपरसँडने (&) दोन टाइप जोडण्याची पळवाट बरेच जण काढतात. पण स्ट्रिंग आणि नंबर यांच्या जोडणीतून ‘नेव्हर’ (ज्यात कोणतेही मूल्य बसत नाही असा टाइप) हाती लागतो आणि चूक व्याख्येपाशी न दिसता भलत्याच ओळीवर उगवते. अर्थात इथेही एक भगदाड आहेच: काटेकोर ऑब्जेक्ट मूळ टाइपच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून त्याच्या ‘आयडी’त नंबर भरला, तर कंपायलर चकार शब्द काढत नाही.

क्लासच्या बाबतीत ‘ओव्हरराइड’ हा कीवर्ड २०२१ मध्ये, ४.३ आवृत्तीत आला. तो सक्तीचा करणारा ‘नोइम्प्लिसिटओव्हरराइड’ हा पर्याय ‘स्ट्रिक्ट’ या कडक तपासण्यांच्या एकत्रित पर्यायामध्ये अंतर्भूत नाही, ही मला या व्यवस्थेतली सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते, कारण मूळ क्लासमधील प्रॉपर्टीचे नाव कोणी बदलले की उपक्लासमधील जुने नाव गुपचूप स्वतंत्र प्रॉपर्टी होऊन बसते. याउलट, टार्गेट (ज्या जावास्क्रिप्ट आवृत्तीत कोड उतरवायचा ती) ईएस २०२२ असताना केवळ टाइप काटेकोर करण्यासाठी फील्ड पुन्हा लिहिले, तर मूळ मूल्य पुसले जाईल असे सांगून कंपायलर ‘डिक्लेअर’ (मूल्याला हात न लावता फक्त टाइप सांगणारा कीवर्ड) हा उपायही सुचवतो, हे कौतुकास्पद आहे. ॲक्सेसरच्या (प्रॉपर्टी वाचता-लिहिताना चालणाऱ्या गेट/सेट फंक्शनच्या) जागी साधे फील्ड लिहिणे ४.० पासून चूकच धरले जाते.

उरतो तो कन्स्ट्रक्टरचा, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनचा, क्रम. मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरने एखादी प्रॉपर्टी वाचली, तर उपक्लासने दिलेले नवे मूल्य त्याला दिसत नाही, कारण उपक्लासची फील्ड ‘सुपर’ (मूळ कन्स्ट्रक्टरला दिलेली हाक) आटोपल्यावरच भरली जातात. हा जावास्क्रिप्टचाच स्वभाव असल्याने कोणताही पर्याय चालू करून तो बदलत नाही. असे मूल्य कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरमधून वर पाठवावे.